कुकी : विसराळू यंत्राच्या चिठ्ठीचा इतिहास

महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ आहेत. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे, अहिल्यानगर जिल्ह्यात तळेगाव दिघे, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर. वर्धा जिल्ह्यात आष्टी तालुक्यात, नागपूर-अमरावती महामार्गावर जे तळेगाव आहे, त्याच्या नावापुढे कंसात 'श्यामजी पंत' असे लिहितात. गावात राहणाऱ्याला या कंसाची गरज नसते. ती पडते बाहेरच्याला. टपाल खात्याला, एसटीला, महसूल खात्याला हे तळेगाव त्या तळेगावापासून वेगळे ओळखायचे असते.

एकाच नावाची अनेक गावे आणि ती लिहिण्याच्या अनेक भाषा, यांतून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात सहा आकडी पिनकोड सुरू झाला. त्याची योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. वर्धा जिल्ह्यातील पत्त्यांचे पिन ४४२ या अंकांनी सुरू होतात. पत्रावर हे आकडे असले की गावाच्या नावाचे शुद्धलेखन चुकले तरी पत्र बहुधा योग्य जिल्ह्यात पोचते.

एखाद्या गोष्टीला खूण जोडली की तिची ओळख पटते. ही युक्ती जुनी आणि निरुपद्रवी आहे. पण खूण गावाऐवजी माणसाला जोडली, तर प्रश्न बदलतो. ती खूण कोण लावतो? ती कोण वाचतो? ज्याच्यावर लावली त्याला ती काढता येते का? इंटरनेटवरील 'कुकी' नावाच्या छोट्या खुणेचा इतिहास म्हणजे या तीन प्रश्नांचा इतिहास आहे. शिक्षकांनी तो समजून घ्यावा असे आम्हाला वाटते, कारण आता शाळेची बरीच कामे आणि मुलांचा बराच वेळ या खुणांच्या राज्यात जातो.

स्मरणशक्ती नसलेले यंत्र

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय संशोधन संस्थेत 'वर्ल्ड वाइड वेब'ची कल्पना मांडली. तिचा उद्देश शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रे वाचता यावीत, एवढाच होता. रचनाही त्याला साजेशी सोपी ठेवली गेली. आपला ब्राउझर दूरच्या संगणकाकडे एक पान मागतो, तो संगणक ते पाठवतो आणि तेथे व्यवहार संपतो. पुढच्या क्षणी आपण दुसरे पान मागितले, तर मागणारा तोच आहे हे त्या संगणकाला ठाऊक नसते. प्रत्येक मागणी त्याच्यासाठी नवी.

वाचनालयासाठी ही पद्धत चालते, दुकानासाठी नाही. समजा, आपण दुकानात वही मागितली, मग पेन्सिल मागितली आणि शेवटी 'एकूण किती झाले?' असे विचारले. त्यावर दुकानदार म्हणाला, 'आपण कोण?' अशा दुकानात खरेदी करणे अशक्य आहे. १९९४ च्या सुमारास वेबवर दुकाने थाटण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा हीच अडचण पुढे आली.

१९९४ : चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या खिशात

ही अडचण सोडवली अमेरिकेतील नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या तरुण प्रोग्रामरने. त्याच्यापुढे एक सोपा उपाय होता. प्रत्येक ब्राउझरला कारखान्यातूनच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो सर्व संकेतस्थळांना दाखवायचा. तो उपाय त्याने नाकारला. असा क्रमांक असेल तर माणूस वेबवर कोठे कोठे जातो याचा माग कोणालाही काढता येईल, हे कारण त्याने पुढे नोंदवून ठेवले आहे.

त्याऐवजी त्याने चिठ्ठीची पद्धत काढली. कापूस विकायला नेला की काट्यावर गाडीचे वजन होते आणि शेतकऱ्याच्या हाती वजनाची पावती पडते. पुढच्या खिडकीवरच्या माणसाला चेहरा लक्षात ठेवावा लागत नाही. शेतकरी पावती दाखवतो आणि व्यवहार पुढे सरकतो. कुकीचे तसेच आहे. संकेतस्थळ पानाबरोबर एक छोटी ओळ पाठवते. ब्राउझर ती आपल्याजवळ जपून ठेवतो आणि त्याच संकेतस्थळाकडे पुढची मागणी करताना ती जशीच्या तशी परत दाखवतो. या ओळीत एक नाव, एक मूल्य (बहुधा एखादा लांबलचक क्रमांक), ती कोणत्या स्थळाची आहे आणि कधीपर्यंत ठेवायची, एवढेच असते. तिचा आकार साधारणपणे चार किलोबाइटांच्या आत असतो. ती प्रोग्राम नसते, त्यामुळे स्वतः काही करू शकत नाही. तिला विषाणू समजणे चूक आहे.

युनिक्स प्रणालीत दोन प्रोग्राम एकमेकांना देत-घेत असलेल्या अशा खुणेला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून हे नाव आले. बिस्किटाशी त्याचा संबंध तेवढाच. ऑक्टोबर १९९४ मध्ये नेटस्केपची पहिली चाचणी आवृत्ती लोकांपुढे आली, तिच्यात कुकीची सोय होती. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरनेही ती स्वीकारली. त्याच १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. म्हणजे आपल्याकडे इंटरनेट आले तेव्हा कुकी त्यात आधीच होती.

मॉन्टुलीच्या रचनेत एक महत्त्वाचे बंधन होते. ज्या संकेतस्थळाने चिठ्ठी दिली, त्यालाच ती वाचता येईल. पुस्तकाच्या दुकानाची चिठ्ठी संत्र्याच्या दुकानाला दिसणार नाही. बंधन योग्य होते, पण त्याला एक पळवाट राहिली.

तिसऱ्याची चिठ्ठी

वेबवरचे पान एकसंध दिसले तरी त्याचे तुकडे अनेक ठिकाणांहून येऊ शकतात. मजकूर एका संगणकावरून आणि जाहिरातीचे चित्र दुसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून. चित्र मागण्यासाठी आपला ब्राउझर त्या कंपनीकडे जातो आणि चित्राबरोबर ती कंपनी स्वतःची चिठ्ठी देते. तिच्या जाहिराती हजार संकेतस्थळांवर असतील, तर हजार ठिकाणी तीच चिठ्ठी परत दाखवली जाते. चिठ्ठीवर आपले नाव नसते, फक्त एक क्रमांक असतो. पण हा क्रमांक सकाळी शेतीच्या भावाचे पान पाहत होता, दुपारी एका आजाराची माहिती वाचत होता आणि रात्री कर्जाची चौकशी करत होता, हे जुळवता येते. जो कायमचा क्रमांक मॉन्टुलीने नाकारला होता, तोच मागच्या दाराने आत आला. हिलाच 'त्रयस्थ कुकी' म्हणतात. डबलक्लिक या कंपनीने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात याच पद्धतीवर जाहिरातीचा मोठा व्यवसाय उभा केला. गुगलने ही कंपनी विकत घेण्याचा व्यवहार २००८ मध्ये पूर्ण झाला.

सामान्य वाचकांना कुकीची गोष्ट कळली ती १९९६ च्या फेब्रुवारीत, 'फायनान्शियल टाइम्स'मधील एका लेखामुळे. तोपर्यंत ब्राउझर कोणालाही न विचारता, न सांगता चिठ्ठ्या साठवत होते. गदारोळ झाला. त्यानंतर ब्राउझरांत कुकी पाहण्याच्या, नाकारण्याच्या आणि पुसण्याच्या सोयी येऊ लागल्या.

फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या मंडळाने कुकीचे पहिले मानक प्रसिद्ध केले. त्रयस्थ कुकी स्वीकारू नयेत, निदान मूळ मांडणीत तरी त्या बंद असाव्यात, असे त्यात म्हटले होते. दोन्ही प्रमुख ब्राउझरांनी हे मानले नाही. सोय बंद करता येत होती, पण मुळात ती चालूच राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक माणसे यंत्राची मूळ मांडणी कधीच बदलत नाहीत. म्हणून ती मांडणी ठरवणारा जवळजवळ सर्वांच्या वतीने निर्णय घेत असतो.

कायदा आणि संमती

युरोपीय संघाने २००२ च्या निर्देशात कुकीचा विचार केला आणि २००९ मध्ये तो बदलून वापरणाऱ्याची आगाऊ संमती आवश्यक केली. २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षणाच्या कायद्याने संमतीचा अर्थ आणखी कडक केला. आज अनेक संकेतस्थळांवर 'कुकी स्वीकारा' अशी पाटी आडवी येते, ती याच कायद्यांची देणगी.

पण पाटी लावली म्हणजे संमती मिळाली असे होत नाही. चौकटीत आधीच बरोबरची खूण करून ठेवणे ही संमती नव्हे, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी दिला. स्वीकारण्याला एक कळ आणि नाकारण्याला मात्र अनेक, अशी मांडणी केल्याबद्दल फ्रान्सच्या नियामक संस्थेने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड केल्याचे जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाले.

ब्राउझरांच्या वाटाही वेगळ्या झाल्या. सफारीने मार्च २०२० मध्ये त्रयस्थ कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०१९ पासून माग काढणाऱ्या ज्ञात कुकी मूळ मांडणीतच अडवायला सुरुवात केली. जाहिरातीवर चालणाऱ्या गुगलने २०२० मध्ये क्रोममधून त्या काढून टाकण्याचे जाहीर केले, वारंवार मुदत वाढवली आणि २०२४ मध्ये तो बेत सोडून दिला.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही, पण तिच्यातून गोळा होणारी वैयक्तिक माहिती त्याच्या कक्षेत येते. शिक्षकांसाठी त्यातील महत्त्वाची बाब अशी, की अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग काढणे आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवणे या कायद्याने मना आहे. शिक्षणसंस्थांना ठरावीक कामांपुरती सूट आहे.

शाळेतला संगणक

तळेगावसारख्या गावातल्या शाळेत याचा रोजचा संबंध कोठे येतो? शिक्षक सरल, शालार्थ किंवा यू-डायसच्या कामाला बसतात तेव्हा. अशा ठिकाणी आपण एकदा परवलीचा शब्द घालतो आणि मग पान बदलले तरी पुन्हा घालावा लागत नाही. प्रवेश घेतल्याची ही आठवण ठेवण्याची नेहमीची पद्धत म्हणजे थोड्या वेळापुरती दिलेली कुकी. बराच वेळ काही केले नाही की 'सत्र संपले' असा निरोप येतो. याचा अर्थ चिठ्ठीची मुदत संपली. ही कुकी आपल्या सोयीची आणि सुरक्षिततेचीही आहे.

मात्र कुकी ओळखते ती ब्राउझरला, माणसाला नव्हे. शाळेत एकच संगणक आणि त्यावर चार जण काम करणारे, हे आपल्याकडचे नेहमीचे चित्र. बाहेर न पडता नुसती खिडकी बंद करून आपण उठलो, तर चिठ्ठी तेथेच राहू शकते आणि पुढचा माणूस आपल्या नावाने आत जाऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या नोंदी, पगाराचे तपशील त्याच्यापुढे उघडे पडतात. सेवा केंद्रातल्या संगणकाचेही हेच. म्हणून काही सवयी लावून घ्याव्यात :

१. सामायिक संगणकावर काम झाले की 'लॉग आउट' करूनच उठावे. 'लक्षात ठेवा' या चौकटीत खूण करू नये.

२. अशा संगणकावर खासगी खिडकी उघडून काम करावे. ती बंद केली की तिच्यातल्या कुकी पुसल्या जातात. पण संकेतस्थळ किंवा इंटरनेट पुरवणारी कंपनी यांच्यापासून आपण लपतो, असा समज करून घेऊ नये.

३. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये खासगीपणाच्या सदरात जाऊन त्रयस्थ कुकी बंद कराव्यात. बहुतेक कामे त्यांच्यावाचून चालतात. एखादे पान अडले तर तेवढ्यापुरती परवानगी द्यावी.

४. साठलेल्या कुकी अधूनमधून पुसाव्यात. त्यानंतर सगळीकडे पुन्हा परवलीचा शब्द घालावा लागेल, म्हणून तो आधी आठवत असल्याची खात्री करावी.

५. संमतीची पाटी आली की 'सर्व नाकारा' किंवा 'फक्त आवश्यक' हा पर्याय शोधावा.

वर्गात करून पाहा

सहावीच्या पुढच्या वर्गात हा खेळ सहज घेता येईल. चार मुलांना दुकानदार करा : वह्या, संत्री, औषधे आणि चपला. त्यांना बजावा की गिऱ्हाइकाने पाठ फिरवली की त्याला विसरायचे. खरेदी करून पाहा, गोंधळ होईल. मग प्रत्येक दुकानदाराला चिठ्ठ्या देऊ द्या. चिठ्ठीवर क्रमांक असावा आणि ज्याची चिठ्ठी त्यालाच दाखवायची. हिशेब सुरळीत होईल. शेवटी एका मुलाला जाहिरातवाला करा. तो चारही दुकानांच्या दारात उभा राहील, पहिल्या भेटीत गिऱ्हाइकाला स्वतःचा क्रमांक देईल आणि पुढे प्रत्येक दारात तो पाहून वहीत टिपून घेईल. दहा मिनिटांनी ती वही मोठ्याने वाचायला सांगा.

'सात नंबर आधी औषधाच्या दुकानात गेला, मग...' एवढे ऐकल्यावर सात नंबर कोण हे वर्ग लगेच ओळखतो. नाव कोठेच लिहिलेले नव्हते, तरी ओळख पटली. मग मुलांना विचारा : दुकानदाराची चिठ्ठी आणि जाहिरातवाल्याची चिठ्ठी, यांपैकी कोणती तुम्ही ठेवाल आणि कोणती फाडाल? का?

या चर्चेत मुले जो फरक शोधतील, तोच १९९७ च्या मानकात लिहिलेला होता. तो अमलात आणायला काही ब्राउझरांना वीस वर्षांहून अधिक काळ लागला आणि सर्वांनी तो अजून आणलेला नाही. तोवर ती चिठ्ठी फाडण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागणार आहे.