बेगमपेठची वेधशाळा आणि आकाशाची मोजणी

हैदराबादची निजामिया वेधशाळा एका सरदाराच्या हौसेतून उभी राहिली. नवाब जफर जंग यांनी ग्रब कंपनीची १५ इंची दुर्बीण मागवली आणि १९०१ साली फिसलबंडा येथे वेधशाळा सुरू केली. आपल्या पश्चात ती सरकारने ताब्यात घ्यावी, अशी त्यांची इच्छा होती. १९०७ साली ते वारले आणि पुढच्याच वर्षी वेधशाळा निजाम सरकारकडे आली. पहिले संचालक आर्थर चॅटवुड यांनी तिचा मुक्काम बेगमपेठेला हलवला. नवाबांची दुर्बीण मात्र तिथे १९२२ पर्यंत उभी राहिली नाही. वेधशाळेला नाव मिळवून दिले ते आकाशाची छायाचित्रे घेणाऱ्या ८ इंची कुक छायादुर्बिणीने.

साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा आणि ताऱ्यांची यादी करायची, असे पॅरिसच्या परिषदेत १८८७ साली ठरले होते. काम जगभरच्या वेधशाळांत पट्ट्यांनी वाटले गेले. चिलीतल्या सांतियागोकडून रखडलेला, खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा हैदराबादने घेतला. युरोपातून हे तारे क्षितिजालगत, दाट हवेच्या थरातून दिसतात; १७ अंश उत्तर अक्षांशावरच्या हैदराबादेत ते पन्नासेक अंश उंचीवर येतात.

काम किचकट होते. काचेच्या पट्टीवर आकाशाचा सुमारे दोन अंशांचा चौकोन टिपायचा, त्यावर बारीक रेघांची जाळी उमटवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका ताऱ्याचे त्या रेघांपासूनचे अंतर मोजायचे. काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला. शोधाची झिंग या कामात नव्हती. होती ती चिकाटी. १९१४ साली संचालक म्हणून आलेले रॉबर्ट पोकॉक १९१८ मध्ये वारले आणि टी. पी. भास्करन यांनी सूत्रे हाती घेतली. १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे गेली. दक्षिणेचा पट्टा संपल्यावर पॉट्सडॅमकडचा उत्तरेचा ३६ ते ३९ अंशांचा भागही हैदराबादने उचलला. या साऱ्या कामाच्या बारा खंडांत साडेसात लाखांहून अधिक तारे नोंदले गेले.

याच वेधशाळेत सहायक असलेल्या गृहस्थांचा मुलगा वेणू बाप्पू पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाला. भास्करन यांच्यानंतरचे संचालक अकबर अली यांनी ४८ इंची दुर्बिणीची योजना आखली. ती तडीला गेली कृष्ण दामोदर अभ्यंकर यांच्या काळात. शहराच्या दिव्यांपासून दूर, जपाल-रंगापूर येथे १९६८ साली ही दुर्बीण सुरू झाली, तेव्हा ती देशातली सर्वांत मोठी होती. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहणही तिथून अभ्यासले गेले.

बेगमपेठची जुनी वास्तू ओस पडली, नोंदी मात्र कामी आल्या. तारा कुठल्या दिशेला किती सरकतो, हे कळायला त्याची जुनी जागा ठाऊक लागते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ सूचीत सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या गती काढताना, हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांशेजारी त्या १८८७ च्या योजनेतल्या वेधशाळांचे आकडे ठेवले गेले. त्यांत हैदराबादचेही होते.