सागरी दावे आणि वकिलाची नेमणूक : नाशिककरांसाठी माहिती

नाशिकला गोदावरी आहे, समुद्र नाही. तरीही समुद्राशी आपला संबंध दोन वाटांनी येतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांतील द्राक्षे न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून युरोपकडे रवाना होतात. आणि जिल्ह्यातील तरुण व्यापारी जहाजांवर नोकरीस जातात. माल बिघडला किंवा पगार थकला की प्रश्न पडतो, दाद कोठे मागावी? घराजवळच्या न्यायालयात की मुंबईस? आणि वकील कोणता?

प्रथम न्यायालयाविषयी. जहाजाविरुद्धचा दावा नाशिकच्या जिल्हा न्यायालयात चालत नाही. मुंबई बेटावर सागरी न्यायालय स्थापण्याचा अधिकार ईस्ट इंडिया कंपनीला १६८३ च्या राजसनदेने मिळाला. पुढे १८६२ साली स्थापन झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाकडे हे अधिकार आले. दीर्घकाळ १८४० आणि १८६१ च्या ब्रिटिश कायद्यांवरच हा कारभार चालला. संसदेने २०१७ मध्ये सागरी दाव्यांचा स्वतंत्र कायदा केला आणि तो १ एप्रिल २०१८ पासून अमलात आला. आता मुंबई, कोलकाता व मद्रास यांच्यासह कर्नाटक, गुजरात, ओरिसा, केरळ, आंध्र प्रदेश व तेलंगणा येथील उच्च न्यायालयांना ही अधिकारिता आहे.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की, दावा प्रत्यक्ष जहाजावरच लावता येतो. मालक पनामाचा असो वा ग्रीसचा, त्याचे भारतात कार्यालय असो वा नसो, जहाज आपल्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत असेल, तर न्यायालय ते अटकावून ठेवू शकते. हे तत्त्व एका गोमंतकीय खटल्याने पक्के केले. फेब्रुवारी १९८४ मध्ये 'एलिझाबेथ' नावाचे परदेशी जहाज बिल ऑफ लॅडिंग न देताच मार्मागोवा बंदरातून निघून गेले. माल पाठविणाऱ्या कंपनीने ते पुढे विशाखापट्टणम बंदरात अडकविले. मालकाचे म्हणणे असे, की परदेशी कंपनीवर येथे दावा चालूच शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ते फेटाळले.

खलाशाच्या पगाराला या कायद्याने दिलेले स्थान कुटुंबीयांनी अवश्य समजून घ्यावे. कप्तान, अधिकारी व खलाशी यांचे वेतन, तसेच मायदेशी परतण्याचा खर्च, हा जहाजावरील पहिल्या क्रमांकाचा बोजा मानला आहे. जहाजाचा लिलाव झाला तर गहाण ठेवून घेणाऱ्या बँकेच्याही आधी हे पैसे मिळतात. मालक बदलला, ध्वज बदलला, तरी बोजा सुटत नाही. मात्र तो कायम राहत नाही : वेतनाच्या बाबतीत रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षांत आणि इतर बाबतींत एका वर्षात तो संपुष्टात येतो. त्यामुळे 'पुढच्या बंदरात देऊ' या आश्वासनांवर महिने घालविणे महागात पडते.

मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडले तर दुसराही मार्ग आहे. सागरी श्रम करार २००६ ला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. २०१७ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनुसार जहाजावर आर्थिक हमीचे प्रमाणपत्र लावलेले असावे लागते. दोन महिने पगार न देणे, अन्नपाणी न पुरविणे अथवा घरी न पाठविणे हा परित्याग समजला जातो. अशा वेळी त्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचे वेतन मिळू शकते. प्रमाणपत्राचे छायाचित्र जहाजावर चढताच काढून घरी पाठवावे. भरती करणाऱ्या एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे की नाही, हे नोकरी स्वीकारण्यापूर्वीच तपासावे. नोकरी देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे नियमबाह्य आहे. परवाना नसलेल्या माणसाला लाखो रुपये देऊन निघालेल्या मुलासाठी नंतर वकील तरी काय करणार!

द्राक्षांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. रीफर कंटेनरमधील तापमान वाटेत वाढले आणि माल खराब उतरला, तर जहाज कंपनीवर दावा करण्याचा हक्क बिल ऑफ लॅडिंग ज्याच्या हाती आहे त्याचा असतो. बागायतदाराने माल निर्यातदाराला विकलेला असेल, तर त्याचा वाद निर्यातदाराशी, जहाजाशी नाही. नुकसान वरून दिसत नसेल तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी सूचना द्यावी लागते आणि एका वर्षाच्या आत दावा दाखल करावा लागतो. १९२५ च्या कायद्यातील ही एक वर्षाची मुदत संसदेने २०२५ मध्ये संमत केलेल्या नव्या कायद्यातही ठेवली आहे. बिलाच्या मागील बारीक अक्षरांत बहुधा लंडनचे अथवा कंपनीच्या देशातील न्यायालय लिहिलेले असते. ते न वाचता येथे दावा लावला आणि तो परत पाठविला गेला, तोवर वर्ष उलटलेले असते. पॅकहाऊसमधील प्रीकूलिंगची नोंद, तापमान मोजणारे यंत्र आणि पोहोचल्या बंदरातील सर्वेक्षकाचा अहवाल यांवाचून वकील हतबल ठरतो.

वकील निवडताना तो उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत सागरी दावे चालवितो का, हे विचारावे. अटकावणीचा अर्ज काही तासांत द्यावा लागतो, कारण कंटेनर जहाज बंदरात फार वेळ थांबत नाही. जहाज विनाकारण अडविल्यास भरपाई देण्याची हमीही न्यायालय अर्जदाराकडून घेऊ शकते; तिचा अर्थ सही करण्यापूर्वी समजून घ्यावा. प्रत्यक्षात बहुतेक मालक बँक हमी देऊन जहाज सोडवून नेतात आणि मग वाद त्या हमीवर चालतो. खलाशी परदेशात असेल तर भारतीय दूतावासात प्रमाणित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे. ते महाराष्ट्रात पोहोचल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी साहाय्य मिळते. मृत खलाशाच्या पत्नीने उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करण्यास संकोच करू नये. वकिलांचे आश्रयदाते संत आयव्हो (निधन १३०३) गरिबांची बाजू विनामूल्य मांडत, हे येथे सहज आठवते.

ख्रिस्तसभेचे 'स्टेला मारिस' हे सागरसेवा कार्य १९२० मध्ये ग्लासगो येथे सुरू झाले आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ मध्ये त्यासाठी नियमावली दिली. या कार्याचे धर्मगुरू व स्वयंसेवक बंदरातील जहाजांना भेटी देतात. ते वकिली करीत नाहीत. पण जहाजावर अडकलेल्या मुलाशी घरच्यांचा संपर्क तुटला असेल, तर आपल्या धर्मग्रामाच्या धर्मगुरूंमार्फत त्यांच्याकडे चौकशी करता येते. सोबत जहाजाचे नाव, त्याचा सात अंकी आयएमओ क्रमांक आणि शेवटच्या बंदराचे नाव द्यावे.