'सहज' लिहिणाऱ्या बाईचा अभ्यास : लक्ष्मीबाई टिळक

मराठी वाङ्मयेतिहासात लक्ष्मीबाई टिळकांचे नाव निघाले की पाठोपाठ काही ठरावीक विशेषणे येतात : सहज, निर्व्याज, घरगुती, प्रांजळ. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकाला ती पटतातही. मात्र या विशेषणांतून नकळत एक समजूत रुजत गेली आहे. ती अशी, की या बाईंना लिहिणे शिकावे लागले नाही. त्या बोलल्या आणि त्याचे पुस्तक झाले. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे, कारण तिच्यामुळे एका लेखिकेच्या काही दशकांच्या श्रमांवर पडदा पडतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. गोदाकाठचे हे गाव नाशिक आणि त्र्यंबकेश्वर यांच्या टापूतले. ५ डिसेंबर १८५७ रोजी भिल्ल आणि ठाकर यांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला केला, आणि त्यानंतर इंग्रजांनी केलेल्या धरपकडीची झळ या कुटुंबालाही लागली. लक्ष्मीबाईंच्या आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर फासावर गेले. त्या आघाताने वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले आणि मिठासारखी वस्तूसुद्धा धुऊन घेण्यापर्यंत मजल गेली. अशा घरात मुलीच्या हाती पाटी-पेन्सिल येण्याचा प्रश्नच नव्हता.

येथे त्र्यंबकेश्वराचा संदर्भ केवळ भूगोलापुरता नाही. हे क्षेत्र वेदपठणाचे. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून तोच मंत्र पुन:पुन्हा घोटून घ्यायचा, ही तेथील विद्येची रीत. 'अभ्यास' या शब्दाचा मूळ अर्थही पुन:पुन्हा करणे हाच. या विद्येचा अधिकार मात्र मोजक्या पुरुषांना होता. याच गावी निवृत्तिनाथांची समाधी आहे. त्यांच्या शिष्याने, धाकट्या भावाने, १२९० साली ओवी हा छंद तत्त्वज्ञानासाठी वापरला आणि पाठशाळेबाहेरच्यांसाठी दुसरी वाट उघडी केली. जात्यावर बसणाऱ्या बायकांपाशी ती ओवी होतीच. मुलींना शाळा नव्हती, पण छंदाचा सराव होता, आणि तो रोज पहाटे घडत होता. लक्ष्मीबाईंच्या लेखनाचा पहिला वर्ग कोणता, या प्रश्नाचे उत्तर येथे शोधावे लागते.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत, त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. पत्नीला अक्षरे शिकवण्याचा खटाटोप टिळकांनी केला. पण त्यांचा स्वभाव लहरी, बिऱ्हाड सतत फिरते. शिक्षण असे तुकड्यातुकड्यांनीच झाले. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढील चार-पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. त्या काळात पत्र हा दोघांमधला मोठा धागा होता. पत्र लिहिणाऱ्याला समोरचा माणूस दिसत असतो. त्याला काय ठाऊक आहे, कोणता शब्द लागेल, कोणता हसवील, याचा अंदाज घेत लिहावे लागते. 'स्मृतिचित्रे'तील वाचकाशी असलेली जवळीक पाहताना या पूर्वतयारीची आठवण ठेवली पाहिजे. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही धर्मांतर केले. पुढे नगरच्या घरी बालकवींसारखा कवी वावरला. कवितेची चर्चा स्वयंपाकघरापर्यंत पोचणारे ते घर होते.

पण खरी कसोटी लागली ती टिळकांच्या मृत्यूनंतर, १९१९ नंतर. येशूचे चरित्र ओवीबद्ध करणारे 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले होते, पण सुमारे दहा अध्यायांनंतर ते थांबले. ते काम लक्ष्मीबाईंनी उचलले आणि तब्बल ६४ अध्याय रचले. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळा न पाहिलेल्या स्त्रीने हे केले, याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. चौसष्ट अध्याय स्फूर्तीच्या एका झटक्यात होत नाहीत. त्यासाठी रोज बसावे लागते. आज जमले नाही तरी उद्या पुन्हा बसावे लागते. कथा पुढे न्यायची, पात्र उभे करायचे, संवाद घडवायचा आणि चरण आटोक्यात ठेवायचा. कथनकलेचे हे सारे धडे त्या ओव्यांत गिरवले गेले. ग्रंथ प्रकाशित झाला १९३८ साली, त्यांच्या निधनानंतर.

'स्मृतिचित्रे'चा आरंभही लेखिका होण्याच्या इच्छेतून झालेला नाही. मुलगा देवदत्त यास टिळकांचे चरित्र लिहायचे होते, त्यासाठी आठवणी हव्या होत्या. त्या आठवणींचा ग्रंथ झाला. पहिला भाग १९३४ साली आला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा चौथा भाग अपुरा होता. म्हणजे मराठीतील या श्रेष्ठ आत्मचरित्राची लेखिका ग्रंथरूपाने वाचकांसमोर आली ती पासष्टी ओलांडल्यावर.

आता 'सहज' या शब्दाकडे परत येऊ. लक्ष्मीबाईंचे गद्य सहज आहेच. पण सहजता हा तेथे प्रारंभ नसून निष्पत्ती आहे. शोकाच्या प्रसंगी विनोद कोठे थांबवायचा, पतीचा विक्षिप्तपणा सांगताना आदर कसा राखायचा, हे वजन वर्षानुवर्षांच्या सरावानेच हाताला कळते. पुरुष लेखकाच्या बाबतीत आपण याला साधना म्हणतो. बाईच्या बाबतीत तोच गुण स्वभावावर घालून मोकळे होतो. स्तुती दोहोंत आहे, पण दुसऱ्या स्तुतीत श्रमांची नोंद नाही.

आमच्या वर्गांत 'स्मृतिचित्रे' आवडीने वाचले जाते, 'ख्रिस्तायन' मात्र क्वचितच कोणी उघडतो. काव्य म्हणून त्याचे मूल्य काय ठरवायचे ते ठरवावे. परंतु लेखन शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ही दोन पुस्तके शेजारी ठेवून दाखवावीत. एकात ती बाई काय झाली ते दिसते, दुसऱ्यात कशी झाली ते.