यंत्रमानव आणि वेठबिगार : कारेल चापेक यांचा इशारा

‘रोबो’ या शब्दाला मराठीने ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द दिला आणि तो रूढही झाला. शब्द सोयीचा आहे; तथापि मूळ अर्थाचा गाभा त्यात उरलेला नाही. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. बोहेमियात ही पद्धत १८४८ साली कायद्याने संपुष्टात आली. मराठीत तिला नेमका शब्द आहे : वेठ. कारेल चापेक यांनी आपल्या नाटकातील कृत्रिम कामगारांसाठी आधी ‘लाबोरी’ हे नाव योजले होते. ते त्यांना पुस्तकी वाटले, तेव्हा त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी ‘रोबोत’ हा शब्द सुचवला. ही हकीकत चापेक यांनीच १९३३ साली नमूद केली आहे. आज यंत्राचा वाचक असलेला हा शब्द जन्माला आला तो वेठबिगाराचा वाचक म्हणून.

हा तपशील केवळ व्युत्पत्तीचा नाही. भविष्यातील समाजाचे भयावह चित्र रेखाटणाऱ्या साहित्यकृती आपण बहुधा भाकिते म्हणून वाचतो आणि त्यांतील कोणते यंत्र पुढे प्रत्यक्षात आले याची मोजदाद करतो. इशारा यंत्राविषयी आहे असे एकदा धरले की तो माणसाविषयी होता हे नजरेआड होते. चापेक यांच्या दोन कृतींच्या आधारे हा मुद्दा तपासता येईल.

‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. त्यातील रोबोत लोखंडाचे नाहीत; जीवद्रव्यासारख्या एका पदार्थापासून ते कारखान्यात घडवले जातात. कामाला निरुपयोगी ते सारे, म्हणजे आनंद, संगीत, फिरायला जाण्याची इच्छा, अभियंत्याने त्यांच्या रचनेतून वगळले आहे. कारखान्याचा संचालक डोमिन हा खलपुरुष नव्हे. माणसाला कष्टांतून मुक्त करावे, हे त्याचे प्रामाणिक स्वप्न आहे. भागधारकांना नफा हवा आहे, राष्ट्रांना सैनिक हवे आहेत, हेलेनाला रोबोतांविषयी कणव आहे. या सर्वांच्या इच्छा एकत्र येतात आणि मानवजात नष्ट होते. रोबोत एकट्या आल्क्विस्टला जिवंत ठेवतात, कारण तो त्यांच्यासारखाच हातांनी काम करतो. नाटकाचा नैतिक निवाडा या एका निवडीत सामावला आहे.

१९२३ साली लंडनमध्ये या नाटकावर चर्चा झाली आणि शॉ व चेस्टरटन यांनी तीत भाग घेतला. चर्चेत रोबोतांनाच महत्त्व आले, तेव्हा चापेक यांनी लेख लिहून खुलासा केला. आपल्याला रोबोतांपेक्षा माणसांत अधिक रस आहे, आणि नाटकातील प्रत्येकाची बाजू आपापल्या परीने खरी आहे, असा त्याचा आशय होता. अनेक सत्यांच्या टकरीतून विनाश उद्भवतो, ही त्यांची धारणा होती. हेलेनाचे पात्र मात्र या धारणेचे ओझे पेलण्याइतके भरीव झालेले नाही, हेही मान्य केले पाहिजे.

येथे झाम्यातिन आणि ऑर्वेल यांच्याशी तुलना उद्बोधक ठरते. झाम्यातिन यांची ‘आम्ही’ ही कादंबरी १९२४ साली इंग्रजी अनुवादाने प्रथम प्रसिद्ध झाली. सोव्हिएत संघात ती छापली जाण्यास १९८८ साल उजाडले. ऑर्वेल यांची ‘१९८४’ १९४९ सालची. या दोन्ही कृतींत सर्वंकष राज्यसत्ता समोर उभी असते आणि वाचक साहजिकच स्वतःला पीडितांत गणतो. चापेक वाचकाला ही सवलत देत नाहीत.

‘सॅलमँडरांशी युद्ध’ (१९३६) या कादंबरीत हे अधिक स्पष्ट होते. सुमात्राजवळच्या एका बेटावर कॅप्टन व्हान टोख यास बुद्धिमान सॅलमँडर सापडतात. तो त्यांना मोती काढायला शिकवतो आणि शार्कांपासून बचावासाठी सुऱ्या देतो. पुढे भांडवल येते, प्रतवारी ठरते, बाजारभाव निघतात. राष्ट्रे त्यांना शस्त्रे पुरवतात. शेवटी किनाऱ्यालगतचे उथळ पाणी अपुरे पडू लागल्यामुळे सॅलमँडर भूखंडच फोडू लागतात, आणि त्यासाठी लागणारी स्फोटके माणसेच त्यांना विकत राहतात. वृत्तपत्रीय कात्रणे, अहवाल आणि तळटीपा यांनी कादंबरीचा मध्यभाग पसरट झाला आहे, हा आक्षेप रास्त आहे. तथापि संकट बातमीच्या रूपाने येते आणि बातमीसारखेच विसरले जाते, हे दाखवण्यास ही रचना उपयोगी पडली आहे.

या कादंबरीतील पोवोंद्रा हा एका उद्योगपतीच्या घरचा द्वारपाल. त्याने त्या दिवशी कॅप्टनला आत सोडले, एवढाच त्याचा जगाच्या इतिहासाशी संबंध. पुढे तो अभिमानाने कात्रणे जमवतो. आणि अखेरीस सॅलमँडर प्रागपर्यंत पोहोचतात, तेव्हा दोष आपलाच, असे म्हणून खचतो. एवढा दोष स्वतःकडे घेणारा दुसरा कोणी कादंबरीत नाही.

म्यूनिच करारानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १९३८ रोजी चापेक निवर्तले. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि गेस्टापो त्यांना पकडण्यासाठी घरी आली. ते हयात नाहीत, हे तिला ठाऊक नव्हते. शब्द सुचवणारे योसेफ १९४५ साली बेर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत मृत्यू पावले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठबिगारीस मनाई केली. तरीही वेठीस धरलेल्या मजुरांच्या मुक्ततेसाठी १९७६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘वेठ’ हा शब्द आपल्याला कोशात शोधावा लागत नाही. म्हणूनच ‘यंत्रमानव’ म्हणताना मराठी वाचकाने मूळ शब्दाचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. आपले कष्ट कोणावर सोपवले आहेत आणि त्या बदल्यात त्याच्यापासून काय काढून घेतले आहे, हा चापेक यांचा प्रश्न त्या शब्दातच आहे.