भारनियमनाच्या शाळेतले संगणन

संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटत आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात एक छोटे चिन्ह झळके. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरची काही वर्षे नांदेड-लातूरच्या डीटीपी केंद्रांत ज्यांनी काम केले, त्यांना ते आठवेल. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये सुरू केलेल्या 'एनर्जी स्टार' योजनेचे ते चिन्ह. वापरात नसलेल्या संगणकाने आपोआप निजावे आणि वीज वाचावी, हा तिचा हेतू. दिवसातून अनेकदा डोळ्यांसमोरून जाणाऱ्या या चिन्हाचा अर्थ कोणी विचारल्याचे मात्र ऐकिवात नाही.

'हरित संगणन' ही संज्ञा आपल्याकडे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पोहोचली. सान मुरुगेसन यांनी २००८ मध्ये तिची जी मांडणी केली, तीत संगणकाची रचना, निर्मिती, वापर आणि विल्हेवाट या चारही टप्प्यांवर पर्यावरणाची हानी कमी करणे अभिप्रेत आहे. विकसनशील देशांतील तंत्रज्ञांना याची जाणीव कितपत, हे सहसा प्रश्नावलीने तपासले जाते: संज्ञा ऐकली आहे का, धोरण ठाऊक आहे का. ही मोजपट्टी लावली तर मराठवाड्यातून हाती फारसे काही लागणार नाही. आमच्या मते दोष मोजपट्टीत आहे. येथे संगणकाच्या काटकसरीला इतिहास आहे. तो पर्यावरणाच्या नावाने कोणी लिहिला नाही, एवढेच.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने तालुक्या-तालुक्यात संगणक नेला. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्राचे वर्ग भरू लागले. नेमक्या याच सुमारास, विशेषतः २००५ नंतर, राज्यात विजेची टंचाई तीव्र झाली. शासनाने तिला 'भारनियमन' असे भारदस्त नाव दिले. लोक म्हणत, 'लाईट गेली'. ग्रामीण भागात ती दिवसाचे कित्येक तास नसे.

त्या दिवसांत संगणक चालवणाऱ्याला जे कळत होते, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. इन्व्हर्टरवर किती यंत्रे किती मिनिटे निघतील, याचा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का असे. लाईट गेली की आधी तो जाडजूड काचेचा मॉनिटर बंद करायचा, कारण वीज तोच अधिक खातो. पडद्यावर रंगीबेरंगी मासे पोहत ठेवल्याने वीज वाचत नाही, हे त्याने बॅटरी उतरताना पाहिलेले असे. छपाई साठवून एकदम काढायची, लेसर प्रिंटर इन्व्हर्टरवर लावायचा नाही, परीक्षेचे अर्ज पहाटे भरायचे. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचा दिवससुद्धा ठरलेला. ही सगळी शिस्त 'वापर' या एका टप्प्याची होती आणि तिच्यामागे गरजेखेरीज दुसरे तत्त्व नव्हते. ज्यांना परवडे ते दुकानासमोर डिझेलचे जनरेटर लावून मोकळे होत. तेव्हा या काटकसरीला हरित म्हणणे हा भाबडेपणा ठरेल. पण एका पिढीला वीज ही मोजायची वस्तू आहे हे हाताने कळले होते, आणि आमच्या लेखी हे मोठेच भांडवल होते.

ते वाया गेले, आणि त्याचा काही दोष आमच्या वर्गांकडेही जातो. पर्यावरण-शिक्षण सक्तीचे करण्याविषयीच्या १९९१ च्या आपल्या आदेशाचा सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाठपुरावा केला, तेव्हा पदवीला पर्यावरण अभ्यासाची सक्तीची पत्रिका आली. विद्यापीठ अनुदान आयोगासाठी पुण्याच्या एरक भरुचा यांनी तिचे पाठ्यपुस्तक लिहिले. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ती पत्रिका दिली. एका वहीत जंगल, ओझोन, जलप्रदूषण. दुसऱ्या वहीत प्रोसेसर आणि मेमरी. या दोन वह्या कधी एकत्र उघडल्या गेल्या नाहीत.

पुढे वीजपुरवठा सुधारला आणि हिशोब विसरला गेला. प्रयोगशाळेतले संगणक रात्रभर चालू राहू लागले. त्याच काळात विजेचा आणि पाण्याचा संबंध मराठवाड्याइतका उघडा क्वचितच कोठे पडला असेल. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी बंद करावे लागले, आणि २०१५ च्या जुलैत पुन्हा. तरी नांदेड-लातूरचे संगणक चालूच राहिले, कारण राज्याच्या जाळ्यातून वीज दुसरीकडून आली. पाण्याला असे जाळे नव्हते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून कृष्णेचे सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. पुढे ऑगस्टपर्यंत त्या गाड्या येत राहिल्या.

या दोहोंना जोडणारा आकडा त्याआधी चारच महिने, डिसेंबर २०१५ मध्ये, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेत आला होता. जुन्या औष्णिक केंद्रांनी एका मेगावॉट-तासामागे ३.५ घनमीटरपेक्षा अधिक पाणी वापरू नये, असे तीत आहे. म्हणजे एका युनिटमागे साडेतीन लिटर. जुना संगणक मॉनिटरसह १२० वॉट घेतो असे धरू. असे ३० संगणक संध्याकाळी पाचपासून सकाळी नऊपर्यंत उगाच चालू राहिले, तर सुमारे ५७ युनिट जळतात. पाणी झाले २०० लिटर, एक पिंप. हे त्रैराशिक सातवीच्या मुलाला येते. आम्ही ते कोणत्याही पत्रिकेत विचारले नाही.

विल्हेवाटीची कथा थोडक्यात सांगता येते. इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या शिशाला भाव असल्याने जुनी देऊन नवी घेण्याची रीत आपोआप रुळली; २००१ च्या बॅटरी नियमांनाही तेच हवे होते. संगणकाला तसा भाव नाही. १ मे २०१२ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी शिक्षणसंस्थांना मोठ्या ग्राहकांत गणले आणि नोंदणीकृत केंद्राकडेच हा कचरा देण्याचे बंधन घातले. पण सरकारी अनुदानातला संगणक आधी डेड स्टॉक रजिस्टरातून निर्लेखित व्हावा लागतो. समिती, ठराव, मंजुरी. तोवर तो कुलूपबंद खोलीत पडून राहतो, किंवा भंगारवाल्याच्या गाड्यावर जातो.

नांदेड-लातूरची मुले आता पुण्यात हिंजवडीला प्रोग्रॅम लिहितात. त्यांचे यंत्र समोर नाही, नवी मुंबईच्या किंवा परदेशातल्या डेटा सेंटरमध्ये आहे. ते थंड ठेवायलाही वीज लागते, अनेक ठिकाणी पाणी लागते. मोठ्या क्लाऊड कंपन्या २०२१-२२ पासून ग्राहकाला कार्बन उत्सर्जनाचे तक्ते देऊ लागल्या. नको असलेली यंत्रे मात्र आजही बहुधा महिन्याचे बिल फुगल्यावरच बंद होतात. इन्व्हर्टरवरची मिनिटे मोजणारा डीटीपीवाला हेच करत होता. फरक इतकाच, की बॅटरी त्याच्या पायाशी होती आणि ती उतरताना त्याला दिसत असे.