छत्रीचा आकार कोण ठरवते?

‘केंद्रक पेशीच्या सर्व क्रियांवर नियंत्रण ठेवते.’ हे वाक्य आपण वर्गात सांगतो, मुले ते उत्तरपत्रिकेत लिहितात, गुणही मिळतात. पण ‘हे कशावरून?’ असे एखाद्या मुलीने विचारले तर?

१८३१ साली रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ऑर्किडच्या पेशींतील गोल ठिपक्यांकडे लक्ष वेधले आणि त्यांना ‘न्यूक्लिअस’ हे नाव दिले. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस काहींनी अमीबासारखे एकपेशीय जीव कापून पाहिले. केंद्रक नसलेला तुकडा काही काळ हालचाल करी, पण वाढ न होताच मरून जाई. म्हणजे केंद्रक हवेच. पण ते नेमके करते काय?

याचे उत्तर एका शेवाळाने दिले. अ‍ॅसिटाब्युलेरिया हे समुद्रातील हिरवे शेवाळ काही सेंटीमीटर उंच असते. त्याला पाय, दांडा आणि वर छत्री असते. तरीही ही सगळी एकच पेशी! छत्री पूर्ण वाढेपर्यंत तिचे एकुलते केंद्रक तळाशी, पायात असते. त्यामुळे केंद्रक वेगळे करायला साधी कात्री पुरते.

जर्मन शास्त्रज्ञ योआखिम हेमरलिंग यांनी १९३० च्या दशकात बर्लिनच्या कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूटमध्ये नेमके हेच केले. छत्री कापली, तर नवी उगवली. मग त्यांनी पायही कापून टाकला. आश्चर्य म्हणजे केंद्रक नसलेल्या नुसत्या दांड्यालाही छत्री आली! मग केंद्रकाची गरजच नाही, असे म्हणायचे का?

हेमरलिंग तिथे थांबले नाहीत. ही नवी छत्री कापल्यावर त्या दांड्याला पुन्हा छत्री आली नाही. केंद्रक असलेल्या पायातून मात्र ती पुन्हा पुन्हा येत राहिली. म्हणजे केंद्रकाकडून आलेला काही पदार्थ दांड्यात साठलेला होता. तो संपला, की काम थांबले.

आता निर्णायक प्रयोग. एका जातीची छत्री सलग तबकडीसारखी, तर दुसरीची सुट्या बोटांसारखी. हेमरलिंग यांनी एकीच्या पायावर दुसरीच्या दांड्याचे कलम केले. पहिली छत्री कधी कधी मधल्याच आकाराची आली, कारण दांड्यात जुना साठा शिल्लक होता. ती कापल्यावर आलेली छत्री मात्र पायातल्या केंद्रकाच्या जातीची होती.

तो पदार्थ कोणता, हे तेव्हा कळले नव्हते. १९६१ साली संदेशवाहक आरएनएचा शोध लागला आणि केंद्रकातील सूचना पेशीद्रव्यात कशा पोहोचतात याचा उलगडा झाला.

तेव्हा केंद्रकाला ‘पेशीचा राजा’ म्हणताना थोडे थांबावे. केंद्रक गेल्यावरही दांडा कित्येक दिवस जगतो, अन्न तयार करतो. केंद्रक सूचना पाठवते, त्या अमलात आणते ते पेशीद्रव्य. कांद्याच्या पापुद्र्यातील केंद्रक दाखवताना ही गोष्टही मुलांना सांगून पाहा. आणि दुसऱ्या छत्रीपूर्वी क्षणभर थांबून विचारा, ‘आता काय होईल?’