मालमोटारीचे साल

जुन्या मालमोटारीचे साल कसे ओळखावे, असे विचारले की पुष्कळ जण सांगतात, "त्यात काय? कागद पाहावेत." पण कागद सांगतो तो बहुधा नोंदणीचा काळ. गाडी एका साली घडते, दुसऱ्या साली बोटीवरून उतरते आणि तिसऱ्या साली तिला नंबर मिळतो. मूळ पुस्तक हरवले असेल, तर नकलेत कारकुनाने जे लिहिले ते खरे धरून चालावयाचे! म्हणून अखेर लोखंडालाच विचारणे भाग पडते.

आज आपण एकच गाडी घेऊ. अमेरिकेतील शेव्हरोलेट कंपनीने १९४७ च्या उन्हाळ्यात एक नवी मालमोटार बाजारात आणली. युद्ध संपल्यावर आधी जुन्याच साच्यातल्या गाड्या निघत होत्या. त्यानंतरचा हा पहिला नवा घाट. गोलसर खांदे, मडगार्डात बसवलेले दिवे आणि पुढे पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. हा घाट मार्च १९५५ पर्यंत चालला. लांबून पाहिले तर या सगळ्या गाड्या सख्ख्या बहिणी वाटतात. जवळ जाऊन पाहिले म्हणजे फरक कळू लागतो.

प्रथम तोंड पाहावे. पाच आडव्या पट्ट्या असतील तर गाडी १९५३ ची किंवा त्याआधीची. जाड पट्ट्यांची मोठी फुली असेल तर १९५४ ची किंवा १९५५ च्या आरंभीची. समोरच्या काचेचेही तेच: मधोमध पट्टी असलेली दोन तुकड्यांची काच १९५३ पर्यंत, पुढे एकसंध काच.

मग दाराशी यावे. खिडकीच्या पुढच्या कोपऱ्यातली ती वाऱ्याची तिकोनी काच १९५१ साली आली. दाराचे बाहेरचे हँडल मात्र त्या साली अजून खाली फिरवावयाचेच होते. बोटाने दाबावयाचे बटण १९५२ त आले. म्हणजे तिकोनी काच आहे आणि हँडल फिरते आहे, अशी गाडी भेटली तर ती १९५१ ची, दुसऱ्या सालाची नव्हे. दोन साध्या खुणांनी एक वर्ष असे नेमके हाती लागते, याची मला तरी मोठी गंमत वाटते. बटण आणि पाच पट्ट्या एकत्र असल्या तर बॉनेटची बाजू पाहावी. कंपनीचे नाव आणि खाली आकडा असेल तर १९५२, नुसता आकडा असेल तर १९५३. तिकोनी काचच नसेल तर लहान गाडीत पेट्रोल ओतावयाचे तोंड शोधावे. ते हौद्याच्या बाजूला असेल तर पहिल्या दोन वर्षांतली. १९४९ पासून टाकी केबिनमध्ये बैठकीच्या मागे गेली आणि तोंड दारामागे आले.

पण दारे बदलतात हो! अपघात झाला की मिस्त्री भंगारातून मिळेल ते दार बसवतो, आणि साल एका रात्रीत पुढे सरकते. म्हणून इंजिनाच्या ठोकळ्याची साक्ष काढावी. ओतकामातच एक अक्षर आणि आकडे उठलेले असतात. अक्षर महिन्याचे, ए म्हणजे जानेवारी, मग तारीख, शेवटी सालाचा फक्त अखेरचा आकडा. 'सी १५ ९' म्हणजे १५ मार्च, साल नऊचे. ते १९३९, १९४९ की १९५९, हे बाकीच्या खुणांनी ठरवावे. ठोकळा गाडीच्या आधी ओतला जातो. तेव्हा ठोकळ्याची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर इंजिन बदललेले आहे हे उघड झाले.

आपल्याकडे मात्र प्रकरण वेगळे होते. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना १९२८ साली सुरू झाला. नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांना येथे पुढे वाव नाही, असे धोरण सरकारने १९५३ त ठरवले, आणि १९५४ साली तो कारखाना बंद झाला. तेव्हा १९५५ ची म्हणून कुणी शिवडीची गाडी दाखवली तर जरा निरखून पाहावे. शिवाय या देशात पुष्कळ मालमोटारी बॉनेट आणि चासी एवढ्याच विकल्या जात; केबिन इथला सुतार लाकडाची बांधी. तिथे तिकोनी काच कुठली आणि बटण कुठले! उरते ती जाळी, बॉनेट आणि इंजिन.

हल्ली काही हौशी मंडळी ही लाकडी केबिन मोडून परदेशातून पत्र्याची मागवतात. गाडी चित्रातल्यासारखी दिसते खरी, पण मला ते पटत नाही. ती केबिन हाच या गाडीचा इथला इतिहास आहे, आणि तिला दुसरा रक्षणकर्ताही नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे जे खास नियम केले, ते दुचाक्यांसाठी आणि खाजगी मोटारींसाठी. मालमोटारीचा त्यांत समावेश केला नाही.

एक सूचना करतो. ठोकळ्यावरचे आकडे वाचताना पॉलिशकागद लावू नये. रॉकेलच्या फडक्याने तेलकट थर भिजवावा, मऊ ब्रशाने काढावा, वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवावी. अक्षरे कागदावर उठतात. तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवून द्यावा.